पिशवी काढल्यानंतर : विश्रांती किती, व्यायाम केव्हा?

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला घरी सोडताना मिळणारा सल्ला बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपतो : "वजन उचलू नका, आराम करा." वजन म्हणजे किती, आराम कुठवर आणि त्यानंतर काय, हे त्या वाक्यात नसते. उरलेल्या जागा नात्यातल्या आणि शेजारच्या बायका भरून काढतात. कुणी सांगते, जिना चढू नको. कुणी म्हणते, वर्षभर खाली वाकू नको. कुणी पोटाला पट्टा बांधायला लावते आणि तो सोडायचा केव्हा हे सांगायला विसरते.

यातून दोन टोके तयार होतात. घरी हाताखाली मदत असलेली बाई भीतीपोटी चालणेही सोडून देते आणि वर्ष-दोन वर्षांनी वाढलेले वजन, दुखरे गुडघे, रक्तातली साखर घेऊन पुन्हा दवाखान्यात येते. रोजंदारीवर जगणारी बाई टाके नीट भरायच्या आत खुरपे किंवा कोयता हातात घेते, कारण घर थांबत नाही. एकीला हालचाल नाकारली जाते, दुसरीला विश्रांती. दोघींनाही मिळायला हवी होती ती गोष्ट एकच : कोणत्या आठवड्यात काय करायचे, किती करायचे आणि कुठे थांबायचे, याची स्पष्ट लेखी सूचना. या प्रश्नाविषयी वैद्यकशास्त्राला आज काय माहीत आहे आणि आपल्याकडच्या बायकांसाठी त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

हा प्रश्न किती जणींचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढण्याविषयीचा प्रश्न २०१५-१६च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदा विचारला गेला. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३ टक्के स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होते. शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४च्या आसपास निघाले आणि दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. अंगावरून जास्त जाणे आणि दुखणे हे सर्वाधिक सांगितलेले कारण होते.

चौतिसाव्या वर्षी पिशवी काढलेल्या बाईपुढे कष्टाची आणि संसाराची निदान तीन दशके असतात. म्हणून तिच्या बाबतीत "आता जपून राहा" हा सल्ला पुरेसा नाही. तिचे शरीर पुढची तीस वर्षे कसे टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

स्त्रीरोगाच्या बाकीच्या शस्त्रक्रियाही याच चर्चेत येतात : गर्भाशयातल्या किंवा अंडाशयावरच्या गाठी काढणे, अंग बाहेर येण्यावरची शस्त्रक्रिया, लघवी सुटण्यावर टाकलेली जाळीची पट्टी, कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया आणि कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन. महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी हे शेवटचे ऑपरेशन करून घेतलेले आहे. त्याची जखम लहान असते. दोन दिवसांनी हलकी कामे आणि साधारण दोन आठवड्यांत हळूहळू नेहमीचे आयुष्य, असा त्याचा क्रम असतो. पिशवी काढण्याचा प्रवास मात्र लांबचा आहे, म्हणून इथे भर त्यावर आहे.

खाटेवरून उठवण्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवत. हलल्यास टाके उसवतील, ही भीती त्यामागे होती. या समजुतीला पहिला मोठा धक्का एका स्त्रीरोगतज्ज्ञानेच दिला. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्ये लिहिले, की ते आपल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच उठवतात आणि त्या लवकर बऱ्या होतात. बहुतेक सहकाऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि परिचारिका दोन्ही अपुऱ्या पडू लागल्या, रुग्णांना लवकर उठवणे भाग पडले, आणि त्यांचे वाईट होण्याऐवजी भले होते हे दिसून आले.

१९९०च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी या अनुभवाला पद्धतशीर रूप दिले. उपास कमी, वेदनेवर नीट उपचार, नळ्या लवकर काढणे, लवकर खायला देणे आणि पहिल्या चोवीस तासांत चालवणे अशा अनेक लहान गोष्टी एकत्र केल्या तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी आतड्याच्या शस्त्रक्रियांत दाखवले. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी या पद्धतीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली.

लवकर उठवण्यामागचे शास्त्र सरळ आहे. आडवे पडून राहिल्याने पोटऱ्यांतल्या शिरांमध्ये रक्त साकळते. त्यात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत हा धोका अधिक असतो, कर्करोग असेल तर आणखी वाढतो. पडून राहिल्याने फुप्फुसांचा तळ नीट फुगत नाही, कफ साचतो, आतड्यांची हालचाल मंदावते, स्नायू झिजू लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचे चालणे हा उपचाराचा भाग आहे.

आत काय चाललेले असते

बाहेरचे टाके निघाले की जखम भरली, असे घरच्यांना वाटते. कातडी दहा-पंधरा दिवसांत जुळते हे खरे, पण पोटाला धरून ठेवणारा थर तिच्याखाली असतो. स्नायूंवरचा तो चिवट पांढरा पडदा फार सावकाश बळकट होतो. दीड-दोन महिन्यांनी त्याची ताकद मूळच्या साधारण निम्मी असते. पुढे काही महिने ती वाढत राहते, पण मूळच्या शंभर टक्क्यांवर बहुधा परत पोचत नाही. "सहा आठवडे जपा" या सल्ल्याचा आधार हा आहे.

शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने झाली यावर पुढचे बरेच अवलंबून असते. पोटावर मोठा छेद घेतला असेल तर सावरायला सहा ते आठ आठवडे धरावेत. योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून झाली असेल तर बाई पुष्कळ लवकर हिंडूफिरू लागते. दुर्बिणीनंतर पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होते आणि चालण्याने कमी होते.

दुर्बिणीच्या बाबतीत मात्र एक फसगत होते. बाहेर तीन-चार बारीक छिद्रे दिसतात, दुखणे लवकर थांबते, आणि आत काही झालेच नाही असे वाटू लागते. गर्भाशयाचे मुखही काढले असेल तर योनीच्या वरच्या टोकाला आतून शिवण असते. ती उसवण्याचा प्रकार विरळा आहे, शेकडा एकापेक्षाही कमी, पण घडतो तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया लागते, आणि दुर्बिणीच्या पद्धतीत तो इतर पद्धतींपेक्षा थोडा अधिक दिसला आहे. म्हणून शरीरसंबंध आणि जोराचा ताण यांपासून निदान सहा ते आठ आठवडे दूर राहावे, आणि स्राव पूर्ण थांबेपर्यंत पोहण्याच्या तलावात उतरू नये. छेद लहान असला तरी हे नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत.

वजन उचलण्याचे कोडे

"दोन किलोच्या वर उचलू नका", "पाच किलो चालेल", "तीन महिने काहीच नको" असे वेगवेगळे आकडे वेगवेगळे डॉक्टर सांगतात, कारण या आकड्यांमागे बराच काळ मोजमाप नव्हतेच. जपायचे असते ते पोटातल्या दाबापासून. तो वाढला की आतले अवयव खाली ढकलले जातात आणि शिवणीवर ताण येतो. हा दाब प्रत्यक्ष मोजून पाहण्याचे काम अमेरिकेत इंग्रिड नायगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अनेकांना विचारात पाडले. ओट्यासारख्या उंचीवरून आठ-नऊ किलोपर्यंतची वस्तू उचलताना पोटात जो दाब येतो, तो खुर्चीतून उठताना येणाऱ्या दाबापेक्षा अधिक नव्हता. जोराने खोकताना मात्र दाब कितीतरी वर जात होता. जमिनीवरून जड वस्तू उचलतानाही तो जास्त होता.

याचा अर्थ असा, की ज्या बाईला खुर्चीतून उठू नको असे कुणी सांगत नाही, तिला ओट्यावरचा कुकर उचलू नको म्हणण्याला फारसा आधार नाही. जुना खोकला आणि बद्धकोष्ठता यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही, आणि शिवणीला खरा त्रास त्यांचाच होतो. शस्त्रक्रियेनंतर पोट साफ राहणे, भरपूर पाणी पिणे, खोकला आला तर उशी पोटाशी धरून खोकणे, मशेरी-तंबाखू थांबवणे हे सगळे वजनाच्या नियमाइतकेच महत्त्वाचे आहे.

अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर सर्वात कडक असतात. तिथेही अमेरिकेत २०१७ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, चिठ्ठ्या टाकून काही स्त्रियांना नेहमीची बंधने घातली आणि बाकीच्यांना झेपेल तशी हालचाल करू दिली. तीन महिन्यांनी मोकळीक दिलेल्या स्त्रियांची अवस्था बंधनातल्या स्त्रियांपेक्षा वाईट नव्हती.

या निष्कर्षांनी भीती कमी व्हावी, पण त्यांचा अर्थ नीट लावायला हवा. तीन महिन्यांचा काळ छोटा आहे. आणि त्या स्त्रियांना मोकळीक म्हणजे स्वतःला झेपेल तेवढे करण्याची आणि दुखले की थांबण्याची मुभा होती. ज्या बाईला थांबण्याची मुभाच नाही, तिला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

टप्प्याटप्प्याने परतणे

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. पोटावरून गर्भाशय काढलेली, गुंतागुंत नसलेली स्त्री समोर ठेवून तो मांडला आहे. दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे झालेल्या शस्त्रक्रियेत सुरुवातीचे टप्पे लवकर पार होतात. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

पहिले दोन-तीन दिवस : खाटेवर पडल्या पडल्या पावले वर-खाली आणि गोल फिरवणे, गुडघे आळीपाळीने वाकवणे, दर तासाला चार-पाच खोल श्वास. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. ही एक सवय पुढचा महिनाभर पोटाचा बराच ताण वाचवते. आधार घेऊन खोलीत चालणे पहिल्याच दिवशी सुरू व्हावे.

पहिले दोन आठवडे : घरातल्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे चालणे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर हळूच जमिनीला टेकवणे आणि सोडणे. लघवीची नळी निघाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे हलके आकुंचन. जिना चढायला हरकत नाही, कठड्याला धरून सावकाश चढावा. दुपारची झोप या दिवसांत आवश्यकच आहे.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत : चालणे वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यावे, सपाट रस्त्यावर. वेग असा असावा की चालता चालता बोलता येईल. भाजी चिरणे, स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या ही कामे चालतील. उकिडवे बसून फरशी पुसणे, भरलेली बादली किंवा हंडा जमिनीवरून उचलणे, गाद्या ओढणे, स्कूटर मेन स्टँडला लावणे ही कामे दुसऱ्याकडे सोपवावीत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना-उठताना आधाराला काहीतरी धरावे. शक्य असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची वापरावी.

सहा आठवड्यांनंतर : तपासणी करून घ्यावी. सगळे ठीक असेल तर वेगाने चालणे, सायकल, जखमा भरलेल्या आणि स्राव थांबलेला असल्यास पोहणे, हलकी वजने आणि सोपी आसने सुरू करता येतात. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. एका दिवशी केलेल्या व्यायामाने दुसऱ्या दिवशी ओटीपोटात ओढल्यासारखे किंवा जड वाटले, तर तेवढा भाग आठवडाभर कमी करावा.

बारा आठवड्यांच्या पुढे : धावणे, उड्या, जिममधली मोठी वजने, डोंगर चढणे, पूर्ण सूर्यनमस्कारांची आवर्तने. पोटाचे स्नायू आधी तयार झालेले हवेत. उताणे झोपून दोन्ही पाय एकदम उचलणे किंवा जोराने उठाबशा काढणे यांनी सुरुवात करू नये. अंग बाहेर येण्यावरची शस्त्रक्रिया झालेल्यांनी या टप्प्याला तीन महिन्यांपेक्षा अधिक वेळ दिला तरी काही बिघडत नाही.

पोहोचायचे कुठे, हेही ठाऊक असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनेनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असा २०२२ सालासाठीचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अनेकींच्या बाबतीत व्यायामाकडे परतणे नसते, ती पहिली सुरुवात असते. शस्त्रक्रियेनंतरचे हे तीन महिने त्या सुरुवातीसाठी फार चांगले असतात, कारण घरातली माणसे या काळात तिच्या शरीराकडे लक्ष देत असतात.

एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीच करायची आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. महिनोन्महिने अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेल्या बाईला शस्त्रक्रियेनंतर चार पावलांत धाप लागली, तर ती व्यायाम टाकून देणारच. लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन रक्त वाढवणे आणि आधीचे काही आठवडे रोज चालण्याची सवय लावणे, यांनी नंतरचा प्रवास सोपा होतो.

तळाच्या स्नायूंची देखभाल

माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय आणि आतडे पेलून धरतात. पिशवी काढली तरी त्यांचे काम चालूच राहते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले आणि त्यांची ताकद मोजणारे उपकरणही तयार केले. खोकताना, शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतला. हे व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी त्रास पूर्ण बरा झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ६ टक्के होते.

पद्धत सोपी आहे. वायू रोखताना आणि लघवी अडवताना जे स्नायू आत ओढले जातात ते आत आणि वर ओढावेत, काही सेकंद धरावेत, पूर्ण सोडावेत. एका वेळी निदान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नये, मांड्या आणि पोट आवळू नये, आणि लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. पुष्कळ स्त्रिया चुकून उलटे करतात, म्हणजे खाली जोर देतात. म्हणून एकदा तरी जाणकार फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे.

योगाभ्यास करणाऱ्यांना यात मूलबंधाची ओळख पटेल. योग आणि पोटातला दाब यांचा अभ्यासही आपल्याकडेच लवकर सुरू झाला. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली यांच्या वेळी शरीरातल्या पोकळ्यांतला दाब कसा बदलतो हे उपकरणांनी मोजले होते. त्यातून व्यवहारातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : सगळ्या योगक्रियांचा पोटावरचा परिणाम सारखा नसतो. उड्डियानात श्वास सोडून पोट आत ओढले की आतला दाब उतरतो. कपालभाती आणि भस्त्रिकेत पोटाला झटके बसतात आणि दाब वाढतो. ताज्या जखमेवर यांपैकी काहीच नको. पहिल्या सहा आठवड्यांत दीर्घ श्वसन आणि अनुलोम-विलोम पुरेसे आहे. "योग आहे, त्याने काय होणार" असे म्हणत दुसऱ्या आठवड्यात कपालभाती करणे चुकीचे आहे.

अंग बाहेर येण्याच्या विकाराचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. तरुण वयात अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांचे गर्भाशय वाचवून ते वर बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी मुंबईत विकसित केली. डॉ. पुरंदरे यांचीही अशीच एक पद्धत प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या शल्यविशारदांना या प्रश्नावर इतके काम करावे लागले, याचे कारण त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या आयुष्यात होते : लहान वयातली आणि लागोपाठची बाळंतपणे, अपुरे अन्न, आणि बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर आलेला भार.

हाडे आणि अंडाशय

पिशवीसोबत दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीत जाते. गरम वाफा, झोपमोड, सांधेदुखी यांच्या जोडीला हाडांची झीज वेगाने सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती बऱ्याचदा काही वर्षे आधी थकतात. एका अभ्यासात रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षे लवकर आली होती.

अशा स्त्रीसाठी व्यायाम हाडे टिकवण्याचा उपाय आहे. पोहण्याने दम वाढतो, पण हाडांना बळकटी येते ती शरीराचा भार पायांवर घेणाऱ्या हालचालींनी आणि वजनांनी. वेगाने चालणे, जिने चढणे, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, हळूहळू वाढवत नेलेली वजने हे तिच्या आठवड्यात असायलाच हवे. "पिशवी काढलीय, आता वजन कधीच उचलायचे नाही" हा सल्ला इथे थेट नुकसान करतो. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेली असतील, तर संप्रेरकांच्या उपचाराविषयी आणि हाडांच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी स्वतःहून बोलावे.

फडातले श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

आता दुसऱ्या टोकाकडे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती अमलात आणण्याचा आदेश दिला.

शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, यावर योग्य ती चर्चा झाली. ती झाल्यानंतर त्या बाईचे काय होते, यावर मात्र फार कमी बोलले गेले. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाडा झाला तर दंड कापला जातो. पहाटे फडात जायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. हे दिवसाचे दहा-बारा तास, कोपीवर आल्यावर पुन्हा पाणी आणि सरपण. अशा बाईला "सहा आठवडे वजन उचलू नका" हे सांगणे आणि त्यासाठी कोणतीही सोय न करणे, यात तिच्या शरीराचा विचारच झालेला नसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कष्टकरी बाईला व्यायामाची गरज नाही, तिची हालचाल भरपूर होते, असे सर्रास म्हटले जाते. व्यायामात भार हळूहळू वाढतो, दोन वेळांच्या मध्ये विश्रांती असते, सगळ्या स्नायूंना काम मिळते आणि दुखले की थांबता येते. फडातल्या कामात यातले एकही नाही. तोच तोच भार, त्याच त्याच सांध्यांवर, थकव्याची पर्वा न करता पडतो. त्यामुळे तिला दोन गोष्टी लागतात : शस्त्रक्रियेनंतर पूर्ण तीन महिने जड कामातून पगारी सुटका, आणि त्या तीन महिन्यांत तळाच्या व पाठीच्या स्नायूंची तयारी करून घेणारे कुणीतरी. तिला शारीरिक बळ शहरातल्या बाईपेक्षा जास्त लागते, म्हणून पुनर्वसनही तिलाच जास्त लागते.

कर्करोगानंतर, आणि धोक्याच्या खुणा

गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगात गर्भाशयासोबत आसपासच्या लसिका ग्रंथीही काढतात. त्यामुळे पाय सुजण्याची शक्यता असते. पूर्वी अशा रुग्णांना पायावर ताण नको म्हणून बसवून ठेवत. आता बेताने वाढवलेला व्यायाम, गरजेनुसार दाबमोजे आणि पायाच्या त्वचेची काळजी यांवर भर असतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून साधारण चार आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देण्याची शिफारस आहे. रेडिएशन किंवा केमोथेरपी चालू असतानाही, डॉक्टरांच्या संमतीने, रोजचे चालणे थकवा कमी करते.

कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर पुढच्या गोष्टी दिसल्या तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : ताजा लाल रक्तस्राव वाढणे, योनीतून अचानक पाणी वाहणे किंवा काही बाहेर आल्यासारखे वाटणे, ताप, जखमेतून पू, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे किंवा छातीत कळ, लघवी अडणे, थांबता न थांबणारी उलटी. थोडे ओढल्यासारखे वाटणे, संध्याकाळी थकवा येणे, छेदाच्या आसपास बधिरपणा राहणे हे मात्र सामान्य आहे आणि त्यासाठी खाट धरू नये.

काय बदलायला हवे

नेदरलँड्समधल्या तज्ज्ञांनी या प्रश्नावर आधी एकमत घडवले. कोणत्या शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी कोणते काम, याची तपशीलवार यादी त्यांनी तयार केली आणि तिच्या आधाराने प्रत्येक स्त्रीला तिच्यापुरते वेळापत्रक संगणकावरून दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अशा स्त्रिया मध्यकानुसार ३९ दिवसांत कामावर परतल्या. नेहमीचा सल्ला मिळालेल्या स्त्रियांना ४८ दिवस लागले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. स्पष्ट माहिती वेळेवर मिळाली, एवढ्यानेच नऊ दिवसांचा फरक पडला.

आपल्याकडे यासाठी वेगळ्या मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. डिस्चार्ज कार्डाच्या मागची बाजू बहुधा कोरी असते. तिच्यावर बारा आठवड्यांचा तक्ता मराठीत, चित्रांसह छापता येईल. वाचता न येणाऱ्या बाईला तो आशाताई समजावून सांगू शकतात, कारण त्या तिच्या घरी पोचतात. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे हाड मोडलेल्या रुग्णांसारखेच पिशवी काढलेल्या रुग्णांनाही नेमाने पाठवले जावे. सहा आठवड्यांच्या तपासणीत टाक्यांबरोबर तळाच्या स्नायूंची ताकदही पाहिली जावी आणि "लघवी सुटते का" हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतः विचारावा. लाजेमुळे बाई तो आपणहून काढत नाही.

रजेचा प्रश्न याहून अवघड आहे. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. केरळात सरकारी महिला कर्मचाऱ्यांना गर्भाशय काढल्यावर ४५ दिवसांची खास रजा मिळते. ज्यांची मजुरीच रोजची, त्यांच्यापर्यंत यातले काही पोचत नाही. ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तीन महिन्यांची मजुरी आणि त्या हंगामात उचल फेडण्यातून सवलत, ही त्याची पहिली जबाबदारी ठरावी.

आणि घरातल्यांसाठी एवढेच : पहिल्या महिन्यात तिच्या हातातली बादली घ्या, दुसऱ्या महिन्यात तिच्यासोबत चालायला जा, आणि तिसऱ्या महिन्यानंतर "जप गं" म्हणत तिला बसवून ठेवू नका. तिची पुढची तीस वर्षे बळाची असावीत, यासाठी विश्रांती आणि व्यायाम दोन्ही तिच्या हक्काचे आहेत.